घरी जोडलेली गिटार ‘खरी’ नव्हे काय?

#थ्रेड #वाद्यांचा_इतिहास

१/
बॉडी, नेक, पिकअप, खुंट्या, तारा आणि मूठभर स्क्रू. एका खोक्यातून हे सुटे भाग घरी येतात आणि काही आठवड्यांत त्यांची इलेक्ट्रिक गिटार होते. अशा ‘किट’ गिटारीविषयी एक तुच्छतेचा सूर हमखास ऐकू येतो : ही घडवलेली नव्हे, नुसती जोडलेली. या वाद्याचा इतिहास मात्र तो निवाडा मान्य करीत नाही.

२/
प्रथम वाद्याचा स्वभाव पाहिला पाहिजे. मिरजेचा सतारमेकर भोपळा पारखून घेतो, तबली तासतो, जवारी काढतो. कारण सतारीचा नाद त्या पोकळीत आणि त्या लाकडात फुलतो. ही पारख पिढ्यान्‌पिढ्यांच्या सरावाने येते. इलेक्ट्रिक गिटारीत हे मुख्य काम पिकअप करतो. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली तांब्याची अतिशय बारीक तार. पोलादी तार त्यासमोर कंप पावली की वेटोळ्यात सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि अ‍ॅम्प्लिफायर तो मोठा करतो.

३/
नादपेटीची सक्ती संपली आणि वाद्यनिर्मितीचे दार परंपरागत कारागिरांखेरीज इतरांनाही उघडले. १९४० च्या सुमारास लेस पॉल या वादकाने न्यूयॉर्कमधील एपिफोनच्या कारखान्यात, रविवारच्या सुटीत, चार इंची चौकोनी पाइनच्या तुळईवर नेक, पिकअप आणि तारा चढवल्या. ते गिटारीसारखे दिसेना, म्हणून एक पोकळ गिटार उभी कापून तिचे दोन अर्ध दोन्ही बाजूंना लावले. हीच ती ‘लॉग’. गिब्सन कंपनीने आरंभी ही कल्पना नाकारली. १९५२ मध्ये त्याच कंपनीने लेस पॉलच्या नावाची गिटार बाजारात आणली.

४/
दुसरा माणूस लिओ फेंडर. कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे त्याचे रेडिओदुरुस्तीचे दुकान होते. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे. १९५० मध्ये त्याने बाजारात आणलेल्या आणि पुढच्याच वर्षी ‘टेलिकास्टर’ हे नाव मिळालेल्या गिटारीत नेक सरसाने चिकटवलेली नव्हती; ती चार स्क्रूंनी आवळलेली होती. नेक बिघडली तर ती काढावी आणि दुसरी बसवावी, हा दुरुस्ती करणाऱ्याचा सरळ हिशेब.

५/
आजच्या किटचे बीज या चार स्क्रूंत आहे. जो भाग सुटा होतो तो बदलता येतो, आणि जो बदलता येतो तो कालांतराने स्वतंत्रपणे विकलाही जातो. म्हणून किटला मूळ वाद्याची स्वस्त नक्कल म्हणणे उलट्या पायांनी चालण्यासारखे आहे. मूळ वाद्यच जोडणीच्या तत्त्वावर उभे राहिले होते.

६/
१९७० च्या दशकात एडी व्हॅन हेलनने याचा पुरावा दिला. सुमारे ५० डॉलरची दुय्यम प्रतीची बॉडी, ८० डॉलरची नेक आणि एका गिब्सन गिटारीतून काढलेला पिकअप. पिकअप शिट्टीसारखा किंचाळू नये म्हणून त्याने तो वितळलेल्या मेणात बुडवला. चिकटपट्ट्या लावून रंगाचे पट्टे मारले. ‘फ्रँकनस्ट्रॅट’ या नावाने ती गिटार ओळखली जाते. १९७८ च्या त्याच्या बँडच्या पहिल्या अल्बममधून तिचा आवाज जगाने ऐकला, आणि २०१९ मध्ये ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील प्रदर्शनात मांडली गेली.

७/
यावर एक सबळ आक्षेप आहे : जोडणे निराळे, घडवणे निराळे. त्याचा सर्वांत मोठा दाखला म्हणजे ब्रायन मे. १९६३ मध्ये, सोळाव्या वर्षी, त्याने इलेक्ट्रॉनिक्स जाणणाऱ्या वडिलांसह, हॅरॉल्ड मे यांच्यासह, लंडनमधील राहत्या घरी गिटार करायला घेतली. नेकसाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचे महोगनी लाकूड वापरले. त्यातील किडीची छिद्रे आगकाड्यांनी बुजवली. बॉडीत जुन्या टेबलाचे ओक लाकूड, ट्रेमोलोत जुन्या मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, नेकवरील खुणांना आईच्या शिवणाच्या डब्यातील शिंपल्याच्या गुंड्या. काम सुमारे दोन वर्षे चालले.

८/
त्यातही कठीण भाग फ्रेटचा. सतारीचे पडदे सरकवता येतात. गिटारीचे फ्रेट एकदा ठोकले की ठोकले. त्यांच्या जागा गणिताने ठरतात : उरलेल्या तारेच्या लांबीला सुमारे १७.८१७ ने भागायचे, येईल तेवढ्या अंतरावर पुढचा फ्रेट. मे यांच्या गिटारीत तारेची लांबी २४ इंच, म्हणजे पहिला फ्रेट सुमारे १.३५ इंचांवर, आणि असे एकूण २४ फ्रेट. किटमध्ये हे काम यंत्राने आधीच केलेले असते. किट जोडणाऱ्याने स्वतःला मे यांच्या पंक्तीत बसवू नये, हे मान्यच केले पाहिजे.

९/
परंतु याच गोष्टीची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. मे यांनी पिकअपही प्रथम घरीच केले होते. तार ओढून स्वर चढवताना त्यांतून नकोसा आवाज येई. शेवटी त्यांनी बर्न्स कंपनीचे तयार पिकअप विकत आणून बसवले. म्हणून त्या गिटारीला कोणी ‘अर्धवट घरगुती’ म्हणत नाही. संपूर्णपणे शून्यातून केलेली इलेक्ट्रिक गिटार जवळजवळ नसतेच. विकतचे कुठे संपते आणि स्वतःचे कुठे सुरू होते, एवढाच प्रश्न उरतो.

१०/
मग किटमध्ये स्वतःचे काय उरते? उरते ते पुष्कळ. पॉलिश पेपरने लाकूड घासणे, रंगाचे हात देणे, सोल्डरिंग करणे. ब्रिजला जोडायची अर्थची तार राहून गेली की गिटार गुणगुणू लागते. बाराव्या फ्रेटवर दाबलेला स्वर त्याच जागच्या हार्मोनिकपेक्षा चढा आला, तर सॅडल मागे सरकवून तारेची लांबी वाढवावी लागते. पुस्तकात वाचलेला कंपनांचा नियम येथे स्क्रूड्रायव्हरच्या टोकाशी येतो.

११/
एका गोष्टीचा मात्र निषेध केला पाहिजे. किटच्या गिटारीवर नामांकित कंपनीचे नाव चिकटवणे ही लबाडी आहे. त्यात विकत घेणाऱ्याची फसवणूक होते आणि जोडणाऱ्याचे स्वतःचे श्रमही पुसले जातात. त्या जागी जोडणाऱ्याचे नाव असावे, किंवा काहीच नसावे.

१२/
वाद्यांचा इतिहास बहुधा कंपन्यांच्या नावांनी आणि मॉडेलांच्या सालांनी सांगितला जातो. त्यामुळे रविवारी कारखान्यात राबणारा वादक, रेडिओ दुरुस्त करणारा माणूस आणि दोन वर्षे लाकूड तासणारा मुलगा हे केवळ रंजक अपवाद वाटू लागतात. या वाद्याच्या बाबतीत तेच मुख्य प्रवाह होते. वस्तू उघडण्याची ही सवय गेली, तर वाद्य विकत घेणारे उरतील, ते जाणणारे उरणार नाहीत.

१३/
पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फारुख बलसारा, म्हणजेच फ्रेडी मर्क्युरी, ज्या ‘क्वीन’ बँडमध्ये गायला, त्याच्या ध्वनीचा कणा मे यांची हीच गिटार होती. जून २००२ मध्ये राणी एलिझाबेथच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवात ब्रायन मे बकिंगहॅम राजवाड्याच्या छतावर उभे राहिले. ब्रिटनचे राष्ट्रगीत त्यांनी वाजवले ते शेकोटीचे लाकूड आणि आईच्या गुंड्या असलेल्या त्या घरगुती वाद्यावर.

(समाप्त)