पत्ता कळविण्याची मुदत

बारामती व इंदापूर तालुक्यांत ऊस विकून, जमीन गहाण टाकून किंवा बँकेचें कर्ज काढून मुलास अमेरिकेस शिकावयास धाडणें ही आतां नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. व्हिसा हातीं पडला कीं पेढे वाटले जातात, आणि वडील मंडळींस वाटतें कीं सरकारी कागदांचें प्रकरण एकदांचें मिटलें. वास्तविक तें तेथूनच सुरू होतें.

अमेरिकेच्या 1952 च्या इमिग्रेशन कायद्यान्वयें, वकिलातींतील अधिकाऱ्यांसारखे थोडे अपवाद सोडल्यास, तेथें राहणाऱ्या प्रत्येक परकीयानें बिऱ्हाड बदलल्यापासून दहा दिवसांच्या आंत नवा पत्ता सरकारास कळविला पाहिजे. ग्रीन कार्ड मिळालेला मनुष्यही यांतून सुटत नाहीं. 1981 पर्यंत तर बिऱ्हाड बदलो वा न बदलो, दरसाल जानेवारींत पत्ता कळवावा लागे. त्या मानानें हल्लींची रीत सोपी आहे. ‘एआर-11’ नांवाचा अर्ज इंटरनेटवरून विनामूल्य भरतां येतो. विद्यार्थ्यानें आपल्या विद्यापीठांतील परदेशी विद्यार्थ्यांच्या कचेरीस कळविलें म्हणजे ती कचेरी सरकारी दप्तरांत नोंद करते. टपालखात्यास कळविल्यानें मात्र हें काम होत नाहीं. अनेकजण येथेंच फसतात.

नियम मोडल्यास दंड किंवा 30 दिवसांपर्यंत कैद सांगितली आहे, आणि रास्त कारण नसल्यास देशाबाहेर काढण्याचीही तरतूद आहे. या कलमाखालीं खटले क्वचित् होत, म्हणून लोक गाफील राहिले. परंतु 2001 च्या हल्ल्यानंतर, 2002 सालीं, तेथील सरकारनें हा नियम कसोशीनें अंमलांत आणण्याचें जाहीर केलें, आणि 2025 पासून परकीयांच्या नोंदणीवर पुन्हा करडी नजर आहे. आमच्या मतें दंडाहून मोठा धोका निराळाच आहे. इमिग्रेशन कोर्टाचें बोलावणें दप्तरांतील पत्त्यावर जातें. ज्यानें पत्ता कळविला नाहीं त्यास ‘नोटीस पोंचली नाहीं’ ही सबब सांगतां येत नाहीं. त्याच्या गैरहजेरींत हद्दपारीचा हुकूम होऊं शकतो. इकडे बापाच्या सातबाऱ्यावर कर्जाचा बोजा तसाच उभा!

कोणी म्हणेल, परक्या सरकारापुढें ही हजेरी स्वाभिमानास शोभत नाहीं. हजेरी कशास म्हणतात हें आमच्या मुलुखास ठाऊक आहे. 1871 च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें आणि त्यामागून आलेल्या दुरुस्त्यांनीं पारध्यांसारख्या जातींतील निरपराध माणसांवर, केवळ जन्म त्या जातींत झाला म्हणून, हजेरी देण्याची व गांव सोडतांना वर्दी देण्याची सक्ती होती. तो कायदा 1952 सालीं रद्द झाला. पारध्याकडे पाहतांना आमच्या डोळ्यांतील संशय अद्याप गेलेला नाहीं, ही लाज आमची आहे. व्हिसा आपण होऊन मागणाऱ्यास करावी लागणारी नोंद त्या जाचाच्या पंक्तीस बसवूं नये. आपलें सरकारही परकीयांस नोंदणीस लावतेंच. 1 सप्टेंबर 2025 पासून अंमलांत आलेल्या कायद्यानें शिक्षणसंस्था व इस्पितळें यांसही परकीयांची खबर द्यावी लागते.

दोष एकट्या मुलांस देणें बरोबर नाहीं. चौघांनीं मिळून खोली घ्यावी, भाडें वाढलें कीं दुसरीकडे जावें, असें त्यांचें तेथील जिणें; वर्षांत दोनदां बिऱ्हाड हलतें. प्रवेश मिळवून देण्याची फी घेणारे एजंट विमानतळापुढील एक अक्षर शिकवीत नाहींत. बारामती-इंदापुरांतील कॉलेजांनीं परदेशीं जाणाऱ्यांस निघण्यापूर्वीं तासभर बसवून हे नियम मराठींत समजावून देण्यास खर्च तो काय येणार? आणि रविवारच्या फोनवर ‘जेवलास का’ असें विचारणाऱ्या आईनें ‘खोली बदललीस का, कळविलेंस का’ हेंही विचारावें. अर्ज पोंचल्याची पोंच जपून ठेवण्यास सांगावें. नोकरीस लागून संसार थाटलेल्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, पत्नीचा व प्रत्येक मुलाचा अर्ज निराळा करावा लागतो. चौदा वर्षांखालील मुलाचा अर्ज भरण्याची जबाबदारी आईबापांवर आहे.