पोटखराबा



गेल्या पावसाळ्याच्या आरंभी चाकणजवळील एका कारखान्याच्या वृक्षारोपणाचे निमंत्रण आले. कारखानदार स्नेही, वडिलांच्या स्मरणार्थ दोनशे रोपे लावण्याचा त्यांचा संकल्प होता. गावामागच्या माळावर खड्डे तयार होते. पहिले रोप लागले, छायाचित्रे निघाली आणि तेवढ्यात मेंढरे घेऊन आलेल्या एका वृद्ध धनगराने विचारले, “झाडं लावताय ते बरंच हाय, पण आमची जित्राबं आता कुठं न्यायची?” आम्हां कोणाजवळच उत्तर नव्हते.

बँकेत असताना शेतीकर्जाच्या प्रस्तावांसोबत आलेले सातबारा उतारे मी वर्षानुवर्षे तपासले. लागवडीस अयोग्य म्हणून ‘पोटखराबा’ लिहिलेले क्षेत्र मी हिशेबातून सरळ वजा करीत असे. ज्या जमिनीचा सारा येत नाही ती पडीक, ही इंग्रजी अमदानीतील महसुली दृष्टी. आमच्या पिढीने ती निमूटपणे पुढे चालविली. वास्तविक सह्याद्री ओलांडून पूर्वेकडे यावे तसा पाऊस झपाट्याने उतरतो. सासवड, बारामती, इंदापूर या बाजूला खडकावर मातीचा थर पातळ असतो. तेथे दाट अरण्य मुळातच नव्हते. पवन्या, मारवेल, कुसळी ही गवते, मधूनच हिवर, बाभूळ, तरवड, आणि त्यांच्या आधाराने जगणारे चिंकारा, लांडगे, माळढोक हाच तेथील मूळचा संसार होय.

आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात तर यासाठी आपल्या जुन्या मराठी वाङ्मयाचीच साक्ष काढली आहे. पश्चिम महाराष्ट्राविषयीच्या जुन्या ग्रंथांत आणि लोककथांत कोणत्या झाडांची नावे येतात ते त्यांनी तपासले. त्यांत माळावरच्या काटेरी झाडाझुडपांचाच भरणा अधिक निघाला. अर्थात शेकडो वर्षांपूर्वीही हे माळ होते. कोणी जंगल तोडून ते निर्माण केलेले नाहीत. वर्षानुवर्षे ताळेबंद चाळलेल्या माणसाला हा पुरावा नाकारता येत नाही.

अशी चूक केवळ आपल्याकडेच झाली असे नाही. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला फ्लो कंट्री नावाचा थंड, ओला, जवळजवळ वृक्षहीन प्रदेश आहे. शेवाळ पाण्यात न कुजता हजारो वर्षे साचत गेले आणि त्याचे थर काही ठिकाणी दहा मीटरपर्यंत खोल झाले. १९८०च्या दशकात तेथे चर खणून पाणी काढले गेले आणि अमेरिकेतून आलेल्या सूचिपर्णी वृक्षांच्या रांगा उभ्या राहिल्या. कारण काय, तर करसवलत! वनलागवडीचा खर्च उत्पन्नातून वजा करता येत असल्याने लंडनकडील धनिकांनी कधी न पाहिलेल्या जमिनीत पैसे गुंतविले. जमीन सुकली, पाणथळीतील पक्ष्यांची घरटी गेली, शेवाळात साठलेला कार्बन सुटू लागला. १९८८च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री नायजेल लॉसन यांनी ती सवलत काढून टाकली. पुढे पक्षिसंरक्षकांनी जमिनी विकत घेऊन तीच झाडे तोडली आणि चर बुजविले. २०२४ मध्ये त्या प्रदेशास जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. लावण्यासाठी एकदा खर्च आणि काढण्यासाठी पुन्हा खर्च. आपल्या पेढीवर अशा व्यवहाराला काय म्हणतात ते सांगावयास नको.

आपल्याकडे पुण्याच्या टेकड्यांवर वनखात्याने गिरिपुष्प लावले. मध्य अमेरिकेतील हे झाड चटकन वाढते आणि शेळ्या त्याला सहसा तोंड लावीत नाहीत, एवढ्या दोन गुणांवर त्याची निवड झाली. पण त्याखाली स्थानिक गवत टिकत नाही. राज्याची वृक्षलागवड मोहीम २०१६ मध्ये दोन कोटींवर होती, ती २०१९ मध्ये तेहेतीस कोटींच्या उद्दिष्टावर गेली. उद्दिष्ट आले की जागा हवी, आणि जागा म्हटली की डोळे माळाकडे वळतात! आमच्या शाखेनेही एके वर्षी असेच एका माळावर गिरिपुष्प लावले होते. पुढाकार माझाच होता.

याचा अर्थ झाडे लावूच नयेत असा कोणी काढू नये. भीमाशंकरच्या बाजूला खरोखरच तुटलेले जंगल आहे. भोसरी-चाकणच्या रस्त्यांना, कारखान्यांच्या आवारांना सावलीची निकड आहे. तेथे कडुनिंब, करंज, वड लावावेत. पण गवतही वनस्पतिकायच आहे, आणि आपल्या पांजरपोळांना वर्षभर लागणारा चारा गवताच्याच माळांवरून येतो.

त्या दिवशी स्नेह्यांशी जरा वादच झाला. फलक रंगवून झाला होता, पाहुणे बसले होते. अखेर लावलेली सात रोपे तशीच ठेवून उरलेली कारखान्याच्या कुंपणालगत लावावयाचे ठरले. दिवाळीनंतर मी पुन्हा त्या बाजूला गेलो होतो. कुंपणाजवळची बरीचशी जगली आहेत. माळावरच्या सातांपैकी दोन उभी होती, आणि भोवती कमरेइतके वाढलेले पिवळे गवत कापावयास गावातील बायका आल्या होत्या.