वडिलार्जित सुवर्णनाणी विकताना

अनेक व्यापारी घराण्यांच्या तिजोरीत आजोबा-पणजोबांनी जपून ठेवलेल्या गिन्न्या आणि मोहरा असतात. वाटणीच्या वेळी अथवा गरजेपोटी त्या विकण्याचा प्रसंग आला की सराफाच्या काट्यावर त्यांचे वजन होते, कस पाहिला जातो आणि त्या दिवसाच्या भावाने हिशेब पुरा होतो. नाणे मुशीत गेले की त्यात सोन्यापलीकडे काही मोल होते का, हे पुन्हा कळण्याचा मार्ग उरत नाही.

एक उदाहरण पाहावे. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ साली, मुंबईच्या टांकसाळीत दोन प्रकारची सुवर्णनाणी पाडली गेली. एक ब्रिटिश सॉव्हरिन, म्हणजे आपली गिन्नी. सालाच्या वर कोरलेले ‘आय’ हे बारीक अक्षर ही तिची मुंबईची खूण. दुसरे पंधरा रुपयांचे नाणे. दोन्ही २२ कॅरटची, प्रत्येकी सुमारे ७.९८ ग्रॅम वजनाची. काट्यावर दोन्ही सारखीच. परंतु संग्राहकांच्या लिलावात पंधरा रुपयांचे नाणे सोन्याच्या भावाच्या पुष्कळ वर जाते, गिन्नी मात्र बहुधा धातूच्या किमतीजवळच राहते. म्हणून आधी साल, खूण आणि स्थिती यांची नोंद करून जाणकाराकडून नाणी पारखून घ्यावीत. सामान्य गिन्नी सराफाकडेच विकणे फायद्याचे. विरळ नाणे लिलावात द्यावे.

ऑनलाइन लिलावामुळे दूरच्या शहरांतील संग्राहकही घरबसल्या बोली लावतात. त्यांच्यासमोर केवळ छायाचित्र आणि वर्णन असते. म्हणून ओरखडा, झीज, पूर्वी लावलेल्या कडीची खूण, काहीही लपवू नये. नाणे चकाकावे म्हणून घासूही नये. घासलेल्या नाण्याची किंमत हमखास उतरते. करार करण्यापूर्वी राखीव किंमत, लिलावगृहाची अडत, तीवरील वस्तू व सेवा कर, विमा आणि पैसे मिळण्याची मुदत लेखी ठरवावी. पुकारलेली अंतिम बोली म्हणजे हाती येणारी रक्कम नव्हे, हे व्यापाऱ्याला निराळे सांगावयास नको. नाणी सोपविताना प्रत्येकाचे वजन व छायाचित्र असलेली पावती घ्यावी.

कायद्याकडेही लक्ष असावे. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे ‘पुरावस्तू’ ठरते. खाजगी व्यक्तीला ते परदेशी पाठविता येत नाही. या गुन्ह्यास सहा महिने ते तीन वर्षे कारावासाची तरतूद आहे. वर सांगितलेली १९१८ ची नाणीही आता या मर्यादेत आली आहेत. म्हणून परदेशी संकेतस्थळावरील वाढीव बोलीला भुलू नये आणि देशातील लिलावगृहाकडे पुरावस्तू विक्रीचा परवाना आहे ना, हे पाहावे. विक्रीच्या नफ्यावर भांडवली नफा कर लागतो. नाणी १ एप्रिल २००१ पूर्वी घराण्यात आली असल्यास त्या दिवसाचे बाजारमूल्य खरेदी किंमत म्हणून धरता येते. त्यासाठी जुनी टिपणे, मृत्युपत्र आणि वाटणीपत्र जपावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सर्व वारसांची लेखी संमती. एका भावाने वजनाने विकलेले नाणे पुढे लिलावात चौपट भावाने गेल्याचे दुसऱ्याला कळले, तर घरात उठणारा प्रश्न पैशाने मिटत नाही. यादी सर्वांसमोर करावी, पारख सर्वांना दाखवावी आणि मगच विकायचे की राखायचे ते ठरवावे.