गुडघ्याची ‘गादी’ इंजेक्शनने परत येते का? पैसे मोजण्याआधी हे वाचा

खुरपणी असो, कांदा लागवड असो, दिवसभर उकिडवं बसून नाहीतर वाकून काम. त्यात गुडघे बोलायला लागतात. मग कुणीतरी सांगतं, ‘ऑपरेशन कशाला, इंजेक्शन घ्या, गादी नव्याने तयार होते.’ यात खरं किती?

गुडघ्यात हाडांच्या टोकांवर गुळगुळीत, चिवट थर असतो. त्याला कूर्चा म्हणतात, बोलीत गादी. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे कातडीची जखम भरते तशी झिजलेली गादी भरून येत नाही.

आज दवाखान्यात मिळणारं ‘वंगणाचं इंजेक्शन’ म्हणजे हायल्युरोनिक ॲसिड. अमेरिकेत १९९७ साली त्याला मान्यता मिळाली, पण ती दुखणं कमी करण्यासाठी. गादी वाढवण्यासाठी नाही. दुसरं पीआरपी, म्हणजे पेशंटच्याच रक्तातला प्लेटलेटचा भाग. ऑस्ट्रेलियात २८८ जणांवर त्याची चाचणी झाली. काहींना पीआरपी दिलं, काहींना नुसतं सलाईनचं पाणी. २०२१ मध्ये निकाल आला: वर्षभरानंतर दुखण्यात आणि कूर्चेच्या झिजेत दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता.

मग नवीन काय? अमेरिकेच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने २०२४ मध्ये एक घट्ट लगद्यासारखं मटेरियल मेंढ्यांच्या गुडघ्यातल्या खराब जागी भरलं. सहा महिन्यांत तिथे चांगली कूर्चा तयार झाली. शोध मोठाच आहे. पण तो मेंढीवरचा.

दुसरी अडचण अशी, की असं मटेरियल एका खड्ड्यात भरता येतं. संधिवातात मात्र गादी सगळीकडून घासते, हाडाचा आकार बदलतो, सांध्याला सूज राहते. पंक्चर काढता येतं, पण गुळगुळीत झालेल्या टायरला पंक्चरचा उपयोग काय? म्हणूनच संशोधकांचा भर आजार सुरुवातीला असतानाच पकडण्यावर आहे.

तोवर हातात काय? वजन कमी करणं आणि मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम. एक किलो वजन घटलं, की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने हलका होतो. खुरपायला बुटकं स्टूल घेतलं तरी गुडघ्याला आराम पडतो.

तरीही इंजेक्शन घ्यायचंच ठरलं, तर डॉक्टरांना सरळ विचारा: औषधाचं नाव काय? याने दुखणं थांबेल की गादी वाढेल? किती महिने टिकेल? पक्कं बिल मिळेल का? प्रयोग चालू आहे असं सांगितलं, तर लेखी संमती घेतलीच पाहिजे आणि त्या चाचणीची सरकारी नोंदणी असलीच पाहिजे. इंजेक्शननंतर गुडघा लाल, गरम होऊन ताप आला, तर घरी थांबू नका.

दुखणं चार-सहा महिने कमी झालं, तर तेही काही थोडं नाही. पण त्यासाठी मोजायची किंमत वेगळी आणि ‘नवी गादी’ म्हणून मोजायची वेगळी. बैल घेताना दात बघतो, तसं इथेही बघूनच पैसे काढावेत.