पारा कारखान्याचा, जाळे कोळ्याचे

पाऱ्याने नद्या नासल्याची चर्चा निघाली की जगभरच्या परिषदांत बोट रोखले जाते ते ॲमेझॉनच्या खोऱ्यात किंवा घानामध्ये सोने गाळणाऱ्या दरिद्री मजुराकडे. तो वाळूत पारा मिसळतो. पारा सोन्याचे कण धरून ठेवतो. मग गोळा तापवून पारा उडवला जातो आणि उरलेला नदीत जातो. हवेत सोडल्या जाणाऱ्या मानवनिर्मित पाऱ्यापैकी सुमारे ३८ टक्के वाटा या धंद्याचा आहे, असे संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०१८ च्या अहवालात नोंदले. ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु उल्हासच्या खोऱ्यात सोन्याची एकही खाण नाही. मग वसईला समुद्राला मिळणाऱ्या या नदीच्या खाडीत पारा कोठून आला?

तो आला रेयॉनच्या चकाकत्या धाग्याबरोबर. शहाड आणि मोहोने येथे, उल्हास आणि तिला मिळणाऱ्या काळू नदीच्या काठी, रेयॉनचे कारखाने उभे राहिले. रेयॉनला कॉस्टिक सोडा लागतो आणि तो करण्याच्या जुन्या पद्धतीत मिठाच्या पाण्यातून वीज सोडून पाऱ्याकडून सोडियम पकडवला जाई. धातू धरून ठेवण्याचा पाऱ्याचा गुण तोच, सोने गाळणाऱ्याच्या पाटीतला! फरक एवढाच की तेथे उघडे हात आणि उपाशी पोट, तर येथे अभियंते, परवाने आणि भागधारकांचा लाभांश. आरोपीच्या पिंजऱ्यात मात्र पहिलाच उभा.

कायदा नव्हता, अशी सबब सांगता येणार नाही. जलप्रदूषण रोखण्याचा कायदा महाराष्ट्राने १९६९ सालीच केला आणि १९७० साली मंडळही स्थापले. विज्ञानही मुके नव्हते. उल्हास खाडीच्या गाळातील पाऱ्याविषयी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांचा निबंध २००३ साली प्रसिद्ध झाला. पारा नैसर्गिक पातळीहून बराच अधिक होता. निबंध इंग्रजीत, परदेशी नियतकालिकात. पाचूबंदरच्या वा नायगावच्या कोळ्याने तो कोठे वाचावा?

आता पाऱ्याची पद्धत मोडीत निघाली, प्रश्न मिटला, असे सांगितले जाईल. कारखान्याला टाळे लागते, गाळाला लागत नाही. गाळातील जीवाणू पाऱ्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात आणि तो लहान माशातून मोठ्यात, मोठ्यातून माणसात साचत जातो. जपानमध्ये मिनामाता येथे चिस्सो कंपनीच्याच डॉक्टरने १९५९ साली मांजरावर प्रयोग करून सांडपाण्याचा दोष पाहिला होता. कंपनीने तो दडपला, आणि शासनाने तो मान्य केला १९६८ साली. मधली नऊ वर्षे कोळी मासे खात राहिले.

वसईत मिनामाता घडले आहे, असा याचा अर्थ नव्हे. अर्थ एवढाच की गाळाला हात लावण्यापूर्वी तो तपासला पाहिजे. या खाडीत सक्शन पंपांनी रेती ओरबाडली जाते. त्यात २०१६ च्या कायद्याने कल्याण ते वसई खाडी हा राष्ट्रीय जलमार्ग ठरला. जलमार्ग म्हटला की गाळ उपसणे आले, आणि उपसा म्हणजे पुरलेले विष पुन्हा प्रवाहात येण्याचा धोका.

या प्रश्नावर कोळीवाड्यात बोलणे सोपे नाही, हे कार्यकर्त्यांनी ओळखले पाहिजे. ‘मासळीत पारा’ एवढे दोन शब्द बाजारात पसरले तर कोळणीची पाटी संध्याकाळपर्यंत तशीच राहील. दलाल भाव पाडेल आणि कारखानदाराच्या केसालाही धक्का लागणार नाही. या भीतीचाच आधार घेऊन शासन गप्प बसते. म्हणून तपासणीची मागणी नुकसानभरपाईच्या मागणीपासून तोडता कामा नये: गाळाची व मासळीची दरवर्षी तपासणी, निकाल मराठीत कोळीवाड्याच्या फलकावर, आणि भाव पडल्यास भरपाई प्रदूषकाकडून.

मोहोन्याचा कारखाना २००९ साली बंद पडला. तेथील कामगारांना थकलेल्या देण्यांसाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले. अशा कारखान्याची जमीन विकली जाते तेव्हा हिशेबात बँका असतात, खरेदीदार असतात. कामगारांचे देणे आणि नदीचे देणे, ही दोन्ही त्या हिशेबात बँकांच्या आधी लिहिली गेली पाहिजेत. कल्याणच्या कामगार संघटनांनी आणि वसईच्या मच्छीमार संस्थांनी हे निवेदन एकत्र द्यावे, वेगवेगळे नव्हे.