तीनला जाग आली म्हणून यकृत बिघडत नाही

रात्री एक ते तीनमध्ये जाग आली तर यकृत बिघडलंय, तीन ते पाचमध्ये आली तर फुप्फुसं. हा तक्ता तुमच्याही मोबाइलवर येऊन गेला असेल. त्याचं मूळ पारंपरिक चिनी वैद्यकात आहे. यकृत नेमकं दोनलाच डोळा का उघडायला लावतं, हे मात्र तो पुढे ढकलणारा कुणीच सांगत नाही.

दुसरा पक्ष सोज्वळ: तीनची जाग म्हणजे ब्राह्ममुहूर्ताचं बोलावणं. पण ब्राह्ममुहूर्त लागतो सूर्योदयाच्या ९६ मिनिटं आधी. सूर्य सहाला उगवला तरी हिशेब ४ वाजून २४ मिनिटांवर येतो. तीनला उठायला शास्त्रानेही सांगितलेलं नाही.

उरले ‘पूर्वी लोक सलग झोपायचे’ म्हणणारे. अमेरिकी इतिहासकार रॉजर एकर्च यांनी २००१मध्ये जुन्या युरोपातले दाखले काढून दाखवले: लोक ‘पहिली झोप’ आणि ‘दुसरी झोप’ असं सर्रास बोलत, मधे जागे असत. तेव्हा विजेचा दिवाही नव्हता, मोबाइल तर सोडाच.

झोप चालते साधारण दीड-दीड तासाच्या आवर्तनांत. आवर्तन संपताना निरोगी माणूसही क्षणभर जागा होतो, कूस बदलतो आणि विसरून जातो. गाढ झोप बहुतेक पूर्वरात्रीतच आटोपते, म्हणून उत्तररात्रीची जाग ध्यानात राहते. त्यात घड्याळ पाहिलं की उरलेल्या तासांची वजाबाकी सुरू होते, आणि झोप उडते ती या वजाबाकीने.

तक्त्यावर माझा खरा राग आहे तो वेगळ्याच कारणाने: तो खरं दुखणं झाकतो. पन्नाशीचे एक गृहस्थ रात्रीतून तीनदा लघवीला उठतात आणि प्रोस्टेटला बोल लावतात. असेलही प्रोस्टेट, रक्तातली साखरही असेल. पण त्यांच्या बायकोला विचारा. हे घोरता घोरता एकदम गप्प होतात, दहा-वीस सेकंद श्वासच नाही, मग गुदमरल्यासारखे दचकून पुन्हा सुरू. घसा मिटलेला असताना छाती हवा ओढत राहते, त्या ओढीने हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात. हृदयाला वाटतं, अंगात पाणी फार झालं. ते लघवी वाढवणारं संप्रेरक सोडतं. दुखणं घशाचं आणि बदनाम मूत्राशय! त्यात झोपेसाठी म्हणून घेतलेला पेग घसा आणखी सैल करतो. झोप लागते लवकर, पण उत्तररात्री मोडते.

एखाद-दोनदा जाग येऊन पुन्हा डोळा लागत असेल तर घड्याळाचं तोंड भिंतीकडे करा आणि खुशाल झोपा. पण घोरणं, दिवसाच्या डुलक्या आणि रात्रीच्या खेपा एकत्र असतील तर डॉक्टरांकडे जा, आणि जाताना तुमचं घोरणं ऐकणाऱ्या माणसाला बरोबर न्या.