बायको, पास आणि सहा हजार डॉलर

आंग मो किओ हे नाव ऐकलं की पुण्याचे नातेवाईक हमखास विचारतात, हा कुठला चिनी पदार्थ? पदार्थ नाही हो, सिंगापूरमधल्या ज्या उपनगरात आम्ही भाड्याने राहतो त्याचं नाव आहे. होक्किएन बोलीत 'आंग मो' म्हणजे लाल केसवाला, थोडक्यात आपला 'गोरा साहेब', आणि 'किओ' म्हणजे पूल. साहेबाचा पूल. (दुसरं एक मत असं की 'किओ' म्हणजे इथे वांगं, आणि साहेबी वांगं म्हणजे टोमॅटो!) माझी बायको डच, त्यातून केस तांबूस. त्यामुळे तिने पत्ता सांगितला की बाजारातल्या आज्या हसतात.

पण आजचा विषय नावाचा नाही, बायकोच्या पासावर छापलेल्या एका शब्दाचा आहे. 'डिपेंडंट'.

आपल्याकडे पक्का समज आहे की गोरी बायको केली म्हणजे जगाची दारं उघडली. युरोपात हे बरंचसं खरं आहे, फक्त तिच्या स्वतःच्या देशात कमी आणि शेजाऱ्याच्या देशात जास्त! मी पीएचडी जर्मनीत केली, ती तिथेच नोकरीला होती. म्हणजे ती 'दुसऱ्या सदस्य देशात राहणारी युरोपीय नागरिक' झाली आणि आम्हाला २००४ सालचा २००४/३८ क्रमांकाचा युरोपीय निर्देश लागू झाला. लग्नानंतर मी तिचा 'कुटुंबीय'. भाषेची परीक्षा नाही, नोकरीला वेगळी परवानगी नाही. हेच आम्ही हॉलंडला राहायला जायचं ठरवलं असतं, तर मला डच भाषेची आणि समाजाची परीक्षा आणि तिला पगाराचा दाखला लागला असता. जर्मनीतही जर्मन माणसाशी लग्न करणाऱ्या भारतीय मुलीला सहसा आधी मॅक्स म्युलर भवनात जाऊन ए-१ ची परीक्षा द्यावी लागते. डचाच्या नवऱ्याला माफ, जर्मनाच्या बायकोला परीक्षा.

या विसंगतीला एका भारतीयाचं नाव चिकटलेलं आहे. सुरिंदर सिंग यांची बायको ब्रिटिश. दोघांनी १९८३ ते १९८५ जर्मनीत नोकऱ्या केल्या आणि इंग्लंडला परतले. पुढे सरकार त्यांना देशाबाहेर काढायला निघालं. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं आणि १९९२ साली निकाल लागला: परदेशी नोकरी करून मायदेशी परतणाऱ्या नागरिकाच्या जोडीदाराला, परक्या देशात मिळाले असते त्याहून कमी हक्क देता येणार नाहीत. नंतर कितीतरी ब्रिटिश माणसं जोडीदारासाठी काही महिने आयर्लंडमध्ये वगैरे जाऊन राहिली, त्या वाटेला 'सुरिंदर सिंग मार्ग' असंच म्हणत. ब्रेक्झिटनंतर नव्याने येणाऱ्यांसाठी ब्रिटनने ती वाट बंद केली.

मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. तिथे मला राहू देणं ही माझ्यावर मेहेरबानी नव्हती, तो तिच्या हक्काचा भाग होता. नवऱ्याला आणता येत नसेल तर तिच्या फिरण्याच्या स्वातंत्र्याला काय अर्थ, असा तो विचार. त्या निर्देशात तर जोडीदाराचे अवलंबून असलेले आईवडीलही बसतात. म्हणजे डच सुनेच्या हक्कावर मराठी सासू जर्मनीत!

सिंगापुरात तिच्या पासपोर्टाला यातलं काहीच वजन नाही. इथे चलन एकच, माझा पगार. २०१८ पासून जोडीदाराला आणायचं तर महिना किमान ६,००० सिंगापूर डॉलर पगार हवा. आईवडिलांसाठी १२,०००. पूर्वी डिपेंडंट पासवाल्यांना मालकाने एक संमतिपत्र घेतलं की नोकरी करता येई. १ मे २०२१ पासून ते बंद झालं. बायको रसायनशास्त्रात डॉक्टरेट आहे, प्रबंध माझ्यापेक्षा आधी पूर्ण केला तिने. आता तिला नोकरी हवी तर कंपनीने तिच्यासाठी पूर्ण नवा वर्क पास मागायचा, पगाराची अट आणि गुणांची परीक्षा यांसकट. त्यात माझी नोकरी गेली तर माझ्या पासाबरोबर तिचाही रद्द, आणि आवराआवरीला साधारण तीस दिवस.

आई फोनवर म्हणते, "अरे, एवढी शिकलेली पोरगी घरात बसवून ठेवलीस?" आता हिला काय सांगणार!

सिंगापूरची बाजू मला कळते. देश टीचभर, नोकऱ्यांवरून स्थानिकांची कुरकुर, त्याचे पडसाद मतपेटीत. शिवाय नियम स्वच्छ लिहिलेले, अर्ज ऑनलाईन, उत्तर काही आठवड्यांत. युरोपातल्या कचेऱ्यांपुढे मी थंडीत पहाटे रांगा लावल्या आहेत, त्यामुळे याची किंमत मला आहे. पण लोकांची गर्दी नको असेल तर येणाऱ्यांची संख्या कमी करा. आत घेतलेल्या दोन माणसांपैकी एकाला रिकामं बसवून कोणाचं भलं होतं? अमेरिकेत एच-४ वर बसलेल्या आपल्या हजारो इंजिनियर मुलींनी हेच भोगलं. २०१५ पासून त्यांच्यातल्या काहींना कामाची मुभा मिळाली, तीही नवऱ्याचं ग्रीन कार्ड ठराविक टप्प्याला पोचलं असेल तरच.

आणि गंमत बघा, ज्या बाबतीत आपण भारताला उठसूट नावं ठेवतो तिथे तो बरा निघाला. लग्न नोंदवून सलग दोन वर्षं झाली की परदेशी जोडीदाराला ओसीआय कार्डासाठी अर्ज करता येतो. सुरक्षा तपासणी होते, वेळ लागतो, घटस्फोट झाला तर कार्ड जातं, हे सगळं आहे. पण कार्ड हातात आल्यावर बहुतेक नोकऱ्या खुल्या, नवऱ्याचा पगार कोणी विचारत नाही. तिचं कार्ड आलेलं आहे. म्हणजे माझी बायको आज हिंजवडीत उद्यापासून कामाला लागू शकते, आणि आंग मो किओत, जिथे घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर दोन-तीन प्रयोगशाळा आहेत, तिथे नाही.

माझं कंत्राट पुढच्या जूनमध्ये संपतं. कंपनी वाढवून द्यायला तयार आहे, पगारही बरा देते आहे. मी अजून सही केलेली नाही. बायकोची एका ठिकाणी दुसरी मुलाखत झाली आहे, आणि तिच्यासाठी पासचा अर्ज करायचा की नाही हे ते लोक महिनाअखेर कळवणार आहेत.